मदत हवी आहे: एक्स्पान्सिन काहीच कापत नाही, मग पेशीभित्तिका सैल कशी होते?

नमस्कार मंडळी, बॉटनी किंवा बायोकेमवाले कोणी असाल तर प्लीज वाचा. एमएस्सीच्या सेमिनारला सेल वॉलमधली (पेशीभित्तिकेतली) प्रोटीन्स आणि पेशीची वाढ हा विषय घेतलाय, विषय मला मनापासून आवडलाय, पण एका ठिकाणी गाडी अडलीये.

मला कळलंय ते असं. पेशीत पाण्याचा दाब साधारण 3 ते 10 बार, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त, आणि तो सगळा वॉल पेलते. नुसता दाब असून पेशी वाढत नाही, वॉल थोडी ढिली पडली की मग पाणी आत येतं आणि पेशी ताणली जाते. ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक आलं की पेशी प्रोटॉन बाहेर टाकते, वॉल आम्लधर्मी होते, म्हणजे तिचा पीएच 5 च्या खाली जातो आणि वाढ जोरात सुरू होते, हीच अ‍ॅसिड ग्रोथ. इथपर्यंत ठीक.

पुढे 1992 साली मॅक्वीन-मेसन, दुराचको आणि कॉस्ग्रोव्ह यांनी काकडीच्या रोपातून एक्स्पान्सिन हे वॉलमधलं प्रोटीन वेगळं काढलं. आता गंमत अशी की हे प्रोटीन वॉलमधल्या साखरेच्या लांब साखळ्या, म्हणजे सेल्युलोज आणि झायलोग्लुकन, यातलं काहीच कापत नाही, तरी वॉल सैल करतं!! कसं काय? आमच्याकडच्या एका सरांचं म्हणणं की आम्लच हायड्रोजन बंध सोडवतं, प्रोटीन फक्त सोबतीला. हे बरोबर आहे का आणि कॉलेजच्या लॅबमध्ये तपासता येईल का? वॉल किती लांबते ते मोजणारं यंत्र, एक्स्टेन्सोमीटर, नाहीये आमच्याकडे.

अजून एक, मी विदर्भातली आहे त्यामुळे कापसाच्या तंतूचं उदाहरण घ्यायचं मनात आहे, चालेल ना?

प्रतिसाद १
सरांचा मुद्दा सुटा करून तपासता येतो, आणि त्या 1992 च्या कामाचा जीवच तो आहे. काकडीच्या कोवळ्या दांड्याचा तुकडा गोठवून वितळवला की पेशी मरतात, दाब संपतो, राहते नुसती वॉल. ती वजनाने ताणून पीएच 4.5 च्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवली की हळूहळू लांबत जाते. आता तसाच दुसरा तुकडा काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून काढ आणि त्याच आम्लात ठेव, तो लांबत नाही. आम्ल तेच आहे, वॉल पण तीच, मेलंय फक्त प्रोटीन. मग त्या उकळलेल्या वॉलवर न उकळलेल्या वॉलमधून काढलेला प्रोटीनचा अर्क टाकला की ती परत लांबते. म्हणजे आम्ल हा हुकूम आहे, काम प्रोटीनचं.

कापत नाही तर करतं काय, तर साखळ्या एकमेकींना जिथे घट्ट चिकटल्यात तिथली पकड सोडवतं आणि दाबामुळे त्या सरकतात. 1994 मध्ये याच मंडळींनी दाखवलं की शुद्ध सेल्युलोजचा फिल्टर पेपरही एक्स्पान्सिनने कमजोर होतो आणि त्यातून साखर सुटत नाही. हे सेमिनारमध्ये नक्की सांग, पटकन पटतं लोकांना.

फक्त जुन्या पुस्तकातली ती आकृती, सेल्युलोजच्या दोऱ्यांमध्ये सगळीकडे झायलोग्लुकनचे पूल, ती जशीच्या तशी लावू नकोस. 2008 मध्ये झायलोग्लुकन जवळजवळ नसलेली अ‍ॅराबिडॉप्सिसची (प्रयोगांत नेहमी वापरतात त्या छोट्या रोपाची) झाडं केली, ती थोडी खुजी राहिली पण वाढली की! आता भर आहे तो मोजक्या जागांवर, जिथे सेल्युलोजच्या दोऱ्या एकमेकींना अगदी भिडलेल्या असतात तिथे.

प्रतिसाद २
कापूस बिनधास्त घे. एक तंतू म्हणजे बियाच्या सालीवरची एकच पेशी, विभाजन न होता अडीच-तीन सेंटीमीटर लांब होते, तीही फूल उमलल्यानंतरच्या तीनेक आठवड्यांत, आणि त्या काळात तंतूत एक्स्पान्सिनची जीन्स जोरात चालू असतात. नंतर आत सेल्युलोजचा जाड थर बसतो आणि लांबी थांबते.

आणि एक्स्टेन्सिन व एक्स्पान्सिन यांची गल्लत होऊ देऊ नकोस, प्रश्न हमखास येतो. एक्स्टेन्सिन हे वॉलमधलं वेगळंच प्रोटीन, हायड्रॉक्सीप्रोलीन या अमिनो आम्लाने भरलेलं, पेरॉक्सिडेज हे एन्झाइम त्याचे टायरोसिन (दुसरं अमिनो आम्ल) एकमेकांना जोडतं आणि वॉल घट्ट होते, बहुतेक वेळा वाढ थांबण्याशीच त्याचा संबंध. तरी ते नकोच असं नाही, एक्स्टेन्सिन-3 नसलेल्या अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये विभाजनाच्या वेळची नवी भिंतच नीट बसत नाही.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार, उकळलेल्या तुकड्याचं वाचून एकदम लख्ख झालं डोक्यात. आता प्रयोग करणारच. रोपं अंधारात वाढवू ना? आणि वजन किती लावायचं, मोजायचं कसं?

प्रतिसाद १
हो अंधारातच, आणि वरचा वाकडा भाग सोडून लगेच खालचा, जिथे वाढ चालू असते तो तुकडा घे, जुना खालचा भाग प्रतिसाद देत नाही. कॉस्ग्रोव्हच्या लॅबमध्ये 20 ग्रॅमच्या आसपास वजन लावतात. गोठवण्याआधी साल कार्बोरंडमच्या बारीक पावडरीने हलकेच घासून घे, क्युटिकल (वरचा मेणचट थर) असली की बफर आत जात नाही. एक तुकडा पीएच 6.5 मध्ये पण लटकव आणि मागे मिलिमीटरची पट्टी लावून मोबाईल स्टँडवर टाइमलॅप्स घे.