मदत हवी आहे: आंब्याच्या ट्रेवर अक्षरं उठत नाहीत, फॉर्मिंग प्रेशर किती ठेवू?

गावठी करवंद
नमस्कार मंडळी. ठिकाण रत्नागिरी. बारा हापूसचा ट्रे, प्लास्टिकची शीट तापवून साच्यात बसवून करतो. शीट पारदर्शक एपेट (पीईटी प्लास्टिकचा स्फटिक न झालेला प्रकार) ०.५ मिमी. अ‍ॅल्युमिनियमचा खळग्याचा साचा, खळगा ८५ मिमी रुंद, ४० मिमी खोल. तळाला कोरलेली अक्षरं अर्धवट उठतात, कोपरे गोलसर राहतात. खालून व्हॅक्यूम, वरून दाबाची हवा सोडायचा प्रेशर बॉक्स (६०० × ४५० मिमी). बॉक्स दाबून धरणारी प्लेटन (जाड पाटी) चार हवेच्या सिलिंडरवर, प्रत्येकी १६० मिमी बोअर (आतला व्यास), लाइन ६ किलो (दर चौरस सेंमीला). प्लेटन जागी अडकवणारा लॉक नाही. फॉर्मिंगचा रेग्युलेटर ३ वर आहे. २ च्या आसपास कडेने हवा फुसफुसायला लागते, पुढे वाढवून अक्षरांत काही फरक नाही. ५ वर नेऊ का?

साचेकाम
नेऊ नका. आधी हिशेब बघा. १६० मिमी बोअरचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंमी. गुणिले ६ किलो, गुणिले ४ सिलिंडर, म्हणजे साधारण ४.८ टन. बॉक्सचं क्षेत्रफळ २७०० चौरस सेंमी. ४८२४ भागिले २७०० म्हणजे १.८ किलोला प्लेटन उचलायला लागतं. फुसफुस तीच. रेग्युलेटरवर ३ दिसतात, ते लाइनचे. बॉक्समध्ये तेवढे कधी पोचतच नाहीत. बॉक्सलाच वेगळा गेज लावा.

ऐंशी-नव्वद टक्क्यांवर कधी चालवू नये, पाऊण जोर धरा. तुमच्या बॉक्सला १.३ किलो झाले. त्यात खालच्या व्हॅक्यूमचे ०.९ मिळवले की शीटवर २.२ किलोचा जोर पडतो, नुसत्या व्हॅक्यूमच्या दुपटीहून जास्त. ०.५ च्या एपेटला तापमान बरोबर असेल तर एवढ्यात अक्षरं यायला हवीत.

अजून हवं असेल तर बॉक्स लहान करा. ट्रे आणि त्याची कड बसेल एवढाच, ४५० × ४०० धरला तर क्षेत्रफळ १८०० आणि सुरक्षित प्रेशर २ किलो. त्यापुढे टॉगल लॉक लागतोच. ५ किलोला या बॉक्सवर साडेतेरा टन उघडणारा जोर येतो. तेव्हा साचाच नव्हे, ऑपरेटरही धोक्यात.

खाडीकाठ
प्रेशरने प्लास्टिक वाढत नाही, हे धरून चला. अर्धगोल खळग्यात क्षेत्रफळ दुप्पट होतं, म्हणजे ०.५ ची सरासरी ०.२५ वर येते आणि तळ त्याहून पातळ. तळ सगळ्यात शेवटी साच्याला टेकतो, तोवर तो निवलेला असतो. म्हणून अक्षरं रुसतात. प्लग (शीट आधी खळग्यात ढकलणारा ठोकळा) आहे का? नसेल तर लावा, खळग्याच्या पाऊण ते ऐंशी टक्के रुंदीचा. प्लग जवळजवळ तळाशी पोचला की मग हवा सोडा. आधी सोडली तर शीट प्लगवरून सुटून बाजूला ताणली जाते.

शीटला तापमानाच्या चिकटपट्ट्या लावून बघा. १२० ते १४० अंश ठीक. ताणलेल्या जागी मोत्यासारखी झाक दिसली तर शीट थंड आहे. सगळीकडे दुधाळ झाली तर जास्त तापली आहे, एपेटचे स्फटिक बनायला लागलेत. तेव्हा प्रेशर वाढवून उपयोग शून्य.

गावठी करवंद
प्लग आहे, फेल्ट लावलेला. तापमान १३० निघालं. साच्याला चिलरचं १५ अंशांचं पाणी देतो. कधी कधी अक्षरांत ओलसर डाग दिसतात.

खाडीकाठ
मग तेच. आपल्याकडे हंगामातही हवेचा दवबिंदू सहज २४ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे १५ च्या साच्यावर दव जमणारच. पाणी कोरलेल्या रेषांत जाऊन बसतं आणि शीट त्याला टेकली की आखडते. पाणी २६-२८ वर ठेवा, सायकल थोडी लांबली तरी चालेल. कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणीही बघा. रिसीव्हरचा ड्रेन रोज उघडा, ड्रायर नसेल तर बसवा. नाहीतर थेंब शीटवर उडून थंड ठिपके उठतात. हवेच्या तोंडासमोर आडपत्रा लावा, झोत थेट शीटवर नको.

मालवणी खाक्या
आधी गेज बघा, मगे वॉल्वाक हात लावा. पुण्याच्या मशीनची सेटिंग्ज इकडे उतरवली असाल तर आणखी एक गोष्ट: तिकडे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंची, पूर्ण व्हॅक्यूम पाऱ्याच्या ७१० मिमीच्या आसपास. आपल्याकडे ७६०. तिकडची ७०० ची सुई जवळजवळ पूर्ण, इकडची ७०० म्हणजे कुठेतरी गळती किंवा पंप दमलेला.

साचेकाम
छिद्रंही तपासा. प्रत्येक अक्षराच्या खोल कोपऱ्यात ०.४ मिमीचं छिद्र हवं, मागून ३ मिमीपर्यंत मोठं केलेलं. यापेक्षा मोठं ठेवलंत तर पातळ तळावर फोडासारखा उंचवटा येईल. छिद्र नसेल तर हवा अडकून अक्षर भरणारच नाही, दोन किलो असो की दहा.