मदत हवी आहे: सायकल थीमचा दोन मजली केक आणि सोबत पारी-ब्रेस्त (फाँडंटला घाम, शू पेस्ट्री बसते)

चमचाभर

नमस्कार मंडळी,

सायकलवेड्या माणसासाठी केक करायचा आहे. खालचा मजला ८ इंची, वरचा ६ इंची, दोन्हींची उंची ४ इंच. पांढरं फाँडंट (लाटून केकवर चढवायचं साखरेचं मऊ आवरण), कडेने काळा रस्ता, वर लाल सायकल उभी. सोबत चाकाच्या आकाराची पारी-ब्रेस्त (क्रीम भरलेली शू पेस्ट्रीची रिंग). हातात १५ दिवस आहेत. रंगीत तालीम करून पाहिली, तर सगळंच फसलं:

१. व्हॅनिला स्पंज, आतबाहेर फेटलेलं क्रीम, वर फाँडंट. रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी फाँडंट चिकट, खालच्या कडेला पाणी, एका बाजूला फुगा.

२. सायकलची चाकं साध्या फाँडंटची, दोन दिवस वाळवलेली. उभी केल्यावर तासाभरात वाकली.

३. शू पेस्ट्री (शिजवलेल्या पिठात अंडी घालून केलेली, आतून पोकळ फुगणारी): पाणी १२५ मिली, दूध १२५ मिली, बटर ११० ग्रॅम, मैदा १४० ग्रॅम, अंडी ४. २०० अंशांवर २५ मिनिटं. ओव्हनमध्ये मस्त फुगली, रंगही आला, बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत बसली. आतून ओली.

४. पेस्ट्री क्रीममध्ये (दूध आणि बलक शिजवून केलेलं दाट क्रीम) बटर फेटलं तर रव्यासारखे कण झाले.

प्रमाणं आणि कारणं दोन्ही सांगितलीत तर बरं होईल.

लोणीसाखर

पहिल्याचं कारण सरळ आहे. फाँडंट म्हणजे जवळजवळ सगळी साखर, आणि साखर मिळेल तिथून पाणी ओढते. फेटलेल्या क्रीममध्ये पाणी भरपूर, त्यामुळे फाँडंट आतून विरघळत जातं. फ्रिजने त्यात भर घातली, पण फ्रिज नसता तरी हेच झालं असतं. फाँडंटखाली गनाश (चॉकलेट आणि गरम क्रीमचं मिश्रण) किंवा बटरक्रीमच हवं.

गनाशचं प्रमाण वजनाने घ्या. डार्क चॉकलेट २ भाग, क्रीम १ भाग. व्हाइट चॉकलेट असेल तर ३ ला १, हवा गरम असेल तर ३.५ ला १. क्रीमच्या कडेला बुडबुडे दिसू लागले की बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर गोल ढवळत जा. वर प्लास्टिकची फिल्म अगदी पृष्ठभागाला चिकटवून रात्रभर बाहेरच ठेवा. शेंगदाण्याच्या बटरइतकं दाट झालं की लावायला तयार. कडेने निदान ५ मिमीचा थर द्या आणि तो पुरता घट्ट होऊ द्या. फाँडंट चढवायच्या आधी पाण्याचा हात इतका हलका फिरवा की गनाश ओलसर वाटेल, चमकणार नाही.

फुग्याची कारणं दोन. एक, भरलेला केक स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि आतली हवा कडेने बाहेर येते. म्हणून थर लावून झाले की केक फिल्ममध्ये गुंडाळा, वर बोर्ड आणि एखादं हलकं वजन ठेवून ५-६ तास बसू द्या, गनाश त्यानंतर. दुसरं, गार केकवर फाँडंट चढवलं की केक तापत जाताना आतली हवा फुगते. फुगा दिसला की बारीक सुई तिरकी घाला आणि बोटाने हवा भोकाकडे ढकला. लगेच केलं तर खूण राहत नाही, दुसऱ्या दिवशी केलं तर सुरकुती राहते.

फाँडंट ६ इंचीला ५०० ग्रॅम, ८ इंचीला ७०० ग्रॅम धरा. जाडी ३ ते ४ मिमी. लाटायचा व्यास म्हणजे केकचा व्यास अधिक दोन्ही बाजूंची उंची अधिक दोनेक इंच, म्हणजे ८ इंचीला १८ इंच. लाटायला वेळ लागला की कडांना हत्तीच्या कातडीसारख्या भेगा पडतात. मळतानाच अर्धा चमचा वनस्पती तूप लावून घ्या.

पाकातला

फ्रिजबद्दल थोडी भर. गनाशचा केक, आत नासणारं काही नसेल, तर थंड कोरड्या खोलीत दोन दिवस बाहेर नीट राहतो. फ्रिजमध्ये ठेवायचाच असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, कारण पुठ्ठा ओल शोषतो. त्या खोक्याला बाहेरून प्लास्टिक गुंडाळा. बाहेर काढल्यावर खोकं उघडायचं नाही. केक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत हवेतलं पाणी खोक्यावर जमू दे, केकवर नको. तरीही घाम आलाच तर पुसू नका, बोट लावू नका, पंख्यासमोर ठेवा. तासाभरात वाळतं. पुसलं की डाग कायमचा.

चमचाभर

आत स्ट्रॉबेरी हवी होती. म्हणजे तेही बाद?

लोणीसाखर

ताजी फळं बाद. फळांचा गर जॅमसारखा आटवून घ्या आणि थराच्या कडेने गनाशचा १ सेंमी उंच बांध घालून मध्ये भरा. गर कडेपर्यंत नेऊ नका.

ओव्हनवाली

सायकलबद्दल. साधं फाँडंट मऊच राहावं म्हणून केलेलं असतं, त्यात ग्लिसरीन असतं; ते कधी कडक होणार नाही. २५० ग्रॅम फाँडंटमध्ये १ सपाट चमचा सीएमसी पावडर (फाँडंट कडक वाळावं म्हणून घालतात ती) मळा, घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा, मगच वापरा. २-३ मिमी जाड लाटून दोन मापांच्या गोल कटरने चाकाची रिंग कापा. सपाट फोमवर वाळवा आणि दर १२ तासांनी उलटा. ३-४ दिवस तरी लागतात, दमट हवेत आणखी. चाकं दोन जास्तीची करा, एक नक्की तुटतं. आरे रॉयल आयसिंगचे, १ नंबर नोझलने, बटर पेपरवर रिंग ठेवून: एका अंड्याच्या पांढऱ्याला १६०-१८० ग्रॅम आयसिंग शुगर. भांड्याला तुपाचा अंश असला तर ते फुलत नाही. वाळलेली सायकल फ्रिजमध्ये अजिबात नको. ऐन वेळी केकवर बसवा.

डिंक म्हणून २ मोठे चमचे पाण्यात पाव चमचा सीएमसी रात्रभर भिजवा. टूथपिक किंवा तार थेट केकमध्ये खोचू नका, आधी स्ट्रॉ खोचा आणि त्यात तार. माझं स्पष्ट मत: उभी सायकल पहिल्यांदाच करत असाल तर ती केकच्या बाजूला सपाट चिकटवा. दिसायला तितकीच छान, आणि पडायची भीती नाही.

लाल आणि काळ्या रंगासाठी जेल रंग इतका लागतो की फाँडंट चिकट होतं आणि चव कडू होते. काळं करायचं तर सुरुवात कोको घातलेल्या तपकिरी फाँडंटपासून करा. लाल रंग गडद गुलाबीवर थांबवून रात्रभर ठेवा, तो आपोआप चढतो. द्रवरूप रंग नकोच.

खालच्या मजल्यात चार जाड स्ट्रॉ केकच्या उंचीइतके कापून, ५ इंची वर्तुळात. वरच्या केकखाली त्याच्याच मापाचा बोर्ड. हे विसरलात तर वरचा मजला खाली उतरतो.

मधला कप्पा

शूकडे येतो. प्रमाण बरोबर आहे, गडबड ओव्हनमध्ये आहे. शू फुगते ती वाफेने, आणि भिंती कोरड्या होऊन ताठ झाल्या तरच फुगलेली राहते. २०० अंशांवर रंग लवकर येतो, आतली ओल तशीच राहते, आणि रंग बघून आपण फसतो. १९० वर २० मिनिटं, मग १७० वर २०-२५ मिनिटं. पंखा चालू असेल तर दोन्हीकडे २० अंश कमी. पहिली ३० मिनिटं दार उघडायचं नाही. रंग उंचवट्यावर बघू नका, खाचांमध्ये बघा. तिथे पिवळट दिसलं तर अजून झालेलं नाही. झालं की बाजूने तीनचार भोकं पाडा, ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवा आणि १० मिनिटं आतच राहू द्या.

आता पीठ. बटर बारीक तुकडे करून घाला, म्हणजे पाणी उकळायच्या आतच ते वितळेल. मोठा तुकडा असेल तर तो वितळेपर्यंत पाणी आटत राहतं आणि प्रमाण बिघडतं. मैदा एकदम घाला, गोळा झाल्यावर मध्यम आचेवर २-३ मिनिटं हलवत राहा. भांड्याच्या तळाला पातळ साय धरली की बस. गोळा दुसऱ्या भांड्यात काढून ५० अंशांच्या आसपास येऊ द्या, नाहीतर अंडं शिजतं. चौथं अंडं फेटून चमचा-चमचा घाला, सगळं लागेलच असं नाही. पीठ उलथन्यावरून V च्या आकारात लोंबकळलं पाहिजे. तुटून पडलं तर घट्ट आहे. धार लागली तर पातळ झालं, आणि मग ते सुधारत नाही. मैदा टाकू नका, गाठी होतात.

रिंगसाठी कागदाच्या मागच्या बाजूला १८ सेंमीचं वर्तुळ काढा. त्यावर एक रिंग, तिला चिकटून आत दुसरी, दोन्हींच्या सांध्यावर तिसरी. नोझल बारीक दातांचं, फ्रेंच स्टार. साध्या गोल नोझलने एकाच ठिकाणी भेग पडते, दातांमुळे पीठ सगळीकडून सारखं फुगतं. वर बदामाचे काप.

(थीमला अगदी साजेसं आहे हे: पारी-ब्रेस्त ही मिठाई १९१० मध्ये लुई द्युरां याने पारी-ब्रेस्त-पारी सायकल शर्यतीवरून केली. आकार चाकाचा आहे तो म्हणूनच.)

चमचाभर

अंड्याशिवाय शू होईल का? दोन पाहुणे खात नाहीत.

मधला कप्पा

खरं सांगायचं तर नाही. भिंती ताठ ठेवणारं काम अंड्याचंच आहे. त्यांच्यासाठी वेगळं काही करा. रॉयल आयसिंग मात्र छोले शिजवलेल्या दाट पाण्यात होतं.

पाकातला

पेस्ट्री क्रीम राहिलंच. क्रीम फ्रिजमधलं गार आणि बटर मऊ, म्हणजे बटर घट्ट होऊन त्याचे कण होतात. दोन्ही २० ते २२ अंशांवर हवं. झालेले कण घालवायला भांडं गरम पाण्यावर ८-१० सेकंद धरून फेटा, असं दोनतीनदा, कडेचं बटर नुसतं चमकेपर्यंतच. फार पातळ झालं तर १५ मिनिटं फ्रिज आणि पुन्हा फेटा.

माप: दूध २५० मिली, पिवळे बलक ३, साखर ६० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २५ ग्रॅम. पहिला बुडबुडा आल्यावरही पूर्ण एक मिनिट ढवळत उकळवा. बलकातलं एक एन्झाइम स्टार्च तोडतं. ते न मारता थांबलात तर रात्री दाट असलेलं क्रीम सकाळी पातळ. अर्धं बटर (६० ग्रॅम) क्रीम गरम असतानाच घाला, उरलेलं ६५ ग्रॅम नंतर फेटताना. शेवटी १०० ग्रॅम प्रालीन पेस्ट. ती घरी करायची तर भाजलेले हेझलनट-बदाम १५० ग्रॅम आणि १०० ग्रॅम साखरेचं कोरडं कॅरामेल, गार करून मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत. मध्ये मध्ये थांबा, मिक्सर तापतो.

चमचाभर

खूप आभार सगळ्यांचे. शेवटचं: रिंगा आदल्या दिवशी करून ठेवल्या तर?

मधला कप्पा

आदल्या दिवशीच काय, महिनाभर आधी करून हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये ठेवा. न वितळवता १६० अंशांवर ८-१० मिनिटं, पुन्हा कुरकुरीत होतात. पूर्ण गार झाल्यावर आडव्या कापा आणि क्रीम वाढायच्या दोनेक तास आधीच भरा.