चाळिशीनंतर बी.कॉम. : पिग्मीची फेरी, घर आणि अभ्यास यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न : फेरीवाली_कराड

नमस्कार. माझे वय ४१ आहे. २००२ साली मी वाणिज्य शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले, पुढच्याच वर्षी लग्न झाले आणि शिक्षण तिथेच थांबले. गेली अकरा वर्षे मी कराडमध्ये एका पतसंस्थेची पिग्मी एजंट (दुकानोदुकानी फिरून रोजच्या बचतीचे पैसे गोळा करणारी) म्हणून काम करते. रोज सायंकाळी पाच ते साडेआठ या वेळेत सुमारे नव्वद दुकाने फिरावी लागतात आणि सारे उत्पन्न कमिशनवर असल्यामुळे दोन-चार फेऱ्या बुडाल्या तरी महिनाअखेरीस ते जाणवते. यंदा संस्थेत लिपिकाची जागा निघाली होती. रोजची रोकड मीच मोजून भरते, तरीही पदवी नसल्यामुळे माझा अर्ज घेतला गेला नाही.

पती तासवडे एमआयडीसीत पाळीवर असतात, मुलगी दहावीला आहे, मुलगा सहावीत आहे आणि सासूबाईंचे गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना घरातही आधार लागतो. मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरीसाठी ग्राह्य धरतात का, आणि अशा परिस्थितीत अभ्यासाला वेळ कुठून काढावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ : उशिराचा_पदवीधर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली राज्य विधिमंडळाच्या कायद्याने नाशिकला स्थापन झाले. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातील पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असते, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्येही स्पष्ट केले आहे. ज्यांच्या नावाचे हे विद्यापीठ, त्यांच्याच गावात आपण राहता, हा योगही छान आहे. तरीही आपल्या संस्थेचे भरतीचे नियम एकदा लेखी विचारून घ्यावेत, कारण पदवी चालेल पण वयाची अट आडवी येईल, असे पुढे निघायला नको.

खरी अडचण बहुतेकांना कागदपत्रांत येते. आता दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी एबीसी आयडी (मिळवलेल्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) आणि डीईबी आयडी (आयोगाच्या दूरशिक्षण विभागाकडील नोंदणी क्रमांक) काढावे लागतात आणि त्यासाठी आधारवरील नाव जुळावे लागते. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, अशी स्थिती असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र आधीच तयार ठेवावे. माझ्या पत्नीच्या प्रवेशाच्या वेळी ‘सुनीता’ आणि ‘सुनिता’ एवढ्या एका वेलांटीवरून आम्हांला तीन खेपा घालाव्या लागल्या होत्या.

वेळेबाबत माझे मत असे की पहाटे चार ते सहा हाच अभ्यासाचा काळ. मी नोकरी सांभाळून बी.ए. केले ते याच दोन तासांत.

उत्तर २ : दुसऱ्यांदा_प्रवेश

वरील उत्तरातील कागदपत्रांचा सल्ला मोलाचा आहे, पण पहाटे चारच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. पुरुष पहाटे उठून अभ्यास करतो तेव्हा सहा वाजता त्याला बहुधा आयता चहा मिळतो. बाई चारला उठली तर सहा वाजता तिचा डब्यांचा दिवस सुरू होतो आणि तो रात्री अकरापर्यंत संपत नाही. मी पहिल्यांदा प्रवेश घेतला तेव्हा हेच केले. दोन महिन्यांत पुस्तकावर डोके टेकून झोपू लागले आणि वर्ष वाया गेले.

दुसऱ्या वेळी मी वेळ शोधला नाही, तर कामे वाटून दिली. दीर आणि मुलगा यांच्याकडे रात्रीची भांडी आणि सकाळचे पाणी भरणे दिले, रविवारचा स्वयंपाक पूर्णपणे यजमानांकडे सोपवला आणि त्या दिवशी खिचडीशिवाय काही मिळणार नाही हे सर्वांनी मान्य केले. रविवार महत्त्वाचा, कारण अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रे, म्हणजे प्रत्यक्ष शिकवणीचे तास, बहुधा त्याच दिवशी असतात. सासूबाईंना आधीच विश्वासात घ्यावे. माझ्या सासूबाई सुरुवातीला रागावल्या होत्या, पण पुढे शेजारणीला “ती अभ्यासाला बसली आहे, नंतर या” असे त्याच सांगू लागल्या.

मुलगी दहावीला आहे ही अडचण समजू नये. संध्याकाळी फेरीहून आल्यावर एक तास दोघींनी एकाच टेबलाशी बसावे. तिच्या परीक्षेच्या काळात मात्र आपल्या गृहपाठाचा भार येऊ नये, म्हणून ते दिवाळीच्या सुमारासच लिहायला घ्यावेत.

उत्तर ३ : अभ्यासकेंद्र_सल्लागार

मी एका अभ्यासकेंद्रावर लेखाकर्म शिकवतो. पिग्मी एजंटला हा विषय जड जाऊ नये, कारण जमा-नावे, किर्द, खतावणी आणि रोजमेळ यांचा अर्थ आपण रोज हाताळता. फक्त पुस्तकाच्या भाषेत तो मांडावा लागतो. सांख्यिकीला मात्र जास्त वेळ द्यावा, तिथे बहुतेक प्रौढ विद्यार्थी अडखळतात.

आणखी एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही, ती म्हणजे लिहिण्याची सवय. उत्तर येत असूनही वीस वर्षांनी पेन धरणाऱ्याचा हात तासाभरात भरून येतो, अक्षर फिसकटते आणि शेवटचे दोन प्रश्न राहून जातात. त्यामुळे परीक्षेच्या तीन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका लिहावी. एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झालात तरी तेवढाच विषय पुन्हा देता येतो.

फेरीवाली_कराड

सर्वांचे मनापासून आभार. गुणपत्रिका काढून पाहिली, तिच्यावर माहेरचेच नाव आहे आणि आमच्या लग्नाची नोंदणी कधी झालीच नव्हती. सोमवारी नगरपालिकेत चौकशीला जाणार आहे. रविवारच्या खिचडीचा विषय काल जेवताना काढला. पती म्हणाले की कुकर लावता येतो, पण किती शिट्ट्या ते लिहून ठेव. मुलीने ते कागदावर लिहून ओट्याच्या वर चिकटवले आहे.