काटा ७२ वर अडला आहे, पण पंगतीत मांडी घालून बसता येते: ही प्रगती कुठे मांडायची?

औशाच्या बाई (लातूर जिल्हा)

नमस्कार. मी ४७ वर्षांची असून शिक्षिका आहे. गेल्या मे महिन्यात एका लग्नात पंगत बसली तेव्हा मला खाली मांडी घालता आली नाही. वाढणाऱ्या मुलाने न विचारताच माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या बायका खाली बसून मला ‘बसा, बसा, संकोच करू नका’ असे म्हणू लागल्या. घरी येऊन वजन केले, ते ७८ किलो भरले. माझी उंची १५५ सेंटीमीटर आहे.

जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यापासून मी पहाटे पाऊण तास चालते, चहा बिनसाखरेचा घेते आणि रात्री एक ज्वारीची भाकरी, वरण व भरपूर पालेभाजी एवढ्यावर थांबते. दिवाळीपर्यंत वजन ७२ वर आले. त्यानंतरचे सात आठवडे मात्र काटा साडेएकाहत्तर आणि त्र्याहत्तर यांच्या मध्येच घुटमळतो आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी उपवासाला साबुदाण्याची खिचडी झाली की शुक्रवारी सकाळी तो हटकून वर चढलेला असतो.

याच सात आठवड्यांत इतर बऱ्याच गोष्टी बदलल्या, त्यांचे काय करावे हे मला समजत नाही. जूनमध्ये ९८ सेंटीमीटर असलेली कंबर आता ८९ झाली आहे आणि त्यांतले शेवटचे दोन सेंटीमीटर काटा थांबल्यानंतर गेले आहेत. एसटीत चढताना पूर्वी दोन्ही हातांनी दांडी धरावी लागे, आता एका हातात पिशवी असली तरी चालते. परवा नणंदेकडे वास्तुशांत होती, तिथे मी पूर्ण पंगतभर मांडी घालून बसले आणि उठताना जमिनीला हात टेकवला नाही. कोणाच्या लक्षातही आले नाही, पण मला मात्र डोळे पुसावे लागले.

घरी विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: ‘आज किती?’ मी ‘बहात्तरच’ म्हटले की समोरचा चेहरा पडतो आणि माझाही पडतो. म्हणून दोन गोष्टी विचारते. काटा हलत नसताना या बाकीच्या गोष्टी मोजणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे आहे का? आणि ही प्रगती साजरी करायची झाली तर कशी करावी? आपल्याकडे आनंद कढईतूनच वाट काढतो. पास झाले पेढे, बढती झाली जिलेबी, आणि वजन उतरले म्हणून घरच्यांनी कौतुकाने केला तो साजूक तुपातला शिरा. (ही अतिशयोक्ती नाही; दिवाळीनंतर खरोखरच झाला.)

सुई-दोरा (धाराशिव)

ताई, मी ब्लाऊज शिवते आणि गेली वीस वर्षे मापांची वही ठेवते, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नावर मला थोडे बोलता येईल. अंग उतरते ते काट्याच्या आधी टेपवर दिसते, असे मी कितीतरी बायकांच्या बाबतीत पाहिले आहे. दंडाचा घेर, काखेखालचा भाग आणि कंबर ही मापे बदललेली असतात आणि ती बाई मात्र ‘वजन काही कमी होईना’ अशी तक्रार करत समोर उभी असते. चालण्याने व कामाने अंगातली चरबी घटत असते आणि स्नायू टिकून राहतात किंवा थोडे वाढतातही. तितक्याच वजनाचे स्नायू चरबीपेक्षा कमी जागा व्यापतात, म्हणून काटा तिथेच राहतो आणि ब्लाऊज सैल होतो. यात समजूत घालण्यासारखे काही नाही; नऊ सेंटीमीटर म्हणजे माझ्या भाषेत साडेतीन इंच, आणि साडेतीन इंचांत एका गिऱ्हाइकाची दुसरीच बाई होते.

मात्र टेपच्या बाबतीत माणसे फार बेफिकीर असतात. कापडी टेप वर्षानुवर्षे ओढून लांबते आणि मग कंबर उगाचच बारीक भरते. माझीच एक टेप पट्टीशी लावून पाहिली तेव्हा पाऊण सेंटीमीटर लांबलेली निघाली आणि मी ती फेकून दिली. माप सकाळी काही खाण्याच्या आधी घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरा, श्वास सहज सोडा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढून घेतलेले माप फक्त आरशाला दाखवावे.

साजरे करण्याबद्दल एक सुचवते. आम्ही ब्लाऊज शिवताना शिवणीत दोन्ही बाजूंना माया सोडतो, म्हणजे पुढे अंग भरले तर उसवून वाढवता येतो. अंग उतरलेल्या बायका माझ्याकडे येतात, टीप आत घेऊन मागतात, पण उरलेली माया कापू का असे विचारले की लगेच म्हणतात, ‘नको गं, राहू दे, पुन्हा लागेल.’ प्रत्येकीला स्वतःविषयी ही शंका असतेच. तुम्हीही आत्ता कापू नका. कपाटातला सर्वांत आवडता एक ब्लाऊज निवडा, त्याची टीप आजच्या मापाला आत घ्या आणि वर्षभराने, माप टिकले असेल तर, ती माया स्वतःच्या हाताने कापा. बाकीचे ब्लाऊज तसेच सैल वापरले तरी हरकत नाही. सगळे एकदम आत घेण्याचा खर्च करू नये, हे मी माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाऊन सांगते आहे.

गोदाकाठचा पेन्शनर (नांदेड)

बाई, आपले पत्र वाचून मला माझी गेली दोन वर्षे आठवली. माझे वय ६६ असून मधुमेहाला चौदा वर्षे झाली. सहा महिन्यांत माझे वजन फक्त चार किलोंनी उतरले, ८६ चे ८२ झाले, आणि त्या आकड्याकडे पाहून आमच्या सौभाग्यवतींनी ‘एवढ्यासाठी एवढा खटाटोप?’ असे विचारले होते. पण याच काळात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी तपासणी करतात, तिचा आकडा ८.४ वरून ६.९ वर आला. साधारण पाच ते दहा टक्के वजन उतरले तरी रक्तदाब आणि साखर यांच्यात फरक पडू लागतो असे डॉक्टरांनी मला सांगितले होते. आपण ७८ चे ७२ केले, म्हणजे साडेसात टक्क्यांहून थोडे अधिकच झाले. तेव्हा आपण काट्यावर अडलेल्या नाही. रक्ताची तपासणी केली नसेल तर ती करून घ्यावी, कदाचित तिथे आपल्याला हवा तो पेढा मिळेल.

आता पंगतीसारखीच माझी एक गोष्ट सांगतो. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे आणि अरुंद वाटेने वाकून, अंग चोरून खाली उतरावे लागते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात मी त्या तोंडाशी जाऊन परत फिरलो. गुडघे म्हणत होते जमणार नाही आणि पोट म्हणत होते मावणार नाही. मागे रांग खोळंबलेली होती आणि मी ‘वरूनच नमस्कार केला, पोचतो’ असे म्हणून बाजूला झालो. या श्रावणात मी खाली उतरलो आणि कोणाचाही हात न धरता वर आलो. चार किलोंत असे काय झाले, असे मलाही वाटले होते. पण चालताना गुडघ्यावर पडणारा भार शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. एक किलो उतरला की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचे सुमारे चार किलो ओझे कमी होते. मी टपाल खात्यात आयुष्यभर पार्सले तोलली, पण हा हिशेब मला निवृत्तीनंतर कळला.

एक इशारा मात्र द्यायला हवा, कारण हा धागा वाचणाऱ्यांत मधुमेही असतीलच. वजन उतरू लागले आणि गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिल्या, तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. मला एकदा सकाळच्या फेरीत दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, आणि घरी येऊन तपासले तेव्हा साखर ६२ होती. ७० च्या खाली ती कमी समजतात. त्यानंतर डॉक्टरांनी एक गोळी अर्धी केली. गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नये, परंतु ती कमी होणे हा माझ्या दृष्टीने काट्यावरच्या कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा सण होता. त्या दिवशी मी चिठ्ठीवरची खोडलेली ओळ सौभाग्यवतींना दाखवली आणि आम्ही दोघे गोदावरीच्या घाटावर जाऊन बसलो. भेळ घेतली, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

सरासरीवाला (छत्रपती संभाजीनगर)

मी थोडा विरोधी सूर लावणार आहे. वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण ‘काट्याला काय कळते’ या वळणावर चर्चा जाऊ नये असे मला मनापासून वाटते. २०२१ साली मी असाच चिडून वजनकाटा माळ्यावर टाकला आणि घरात नाडीचे लेंगे वापरू लागलो. नाडीला काहीच कळत नाही. वर्षभराने काटा खाली काढला तेव्हा गेलेले नऊ किलो परत आलेले होते.

काटा खोटे बोलत नाही, आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतो. शुक्रवारी सकाळी चढणारे वजन ही चरबी नसते. पिष्टमय पदार्थ खाल्ले की शरीर त्यांतले काही यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवते, आणि अशा साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते. त्यात लोणचे-पापडाचे मीठ आले, बायकांच्या बाबतीत पाळीचे दिवस आले, की एक-दीड किलो इकडेतिकडे होणे अगदी साधे आहे. म्हणून रोजचा आकडा घरच्यांना सांगूच नका. सात दिवसांची सरासरी काढा आणि तेवढीच रविवारी सांगा, ‘आज किती?’ या प्रश्नाला ‘रविवारी कळेल’ हे उत्तर पुरेसे आहे.

दुसरे असे की, कंबर आणि सरासरी वजन या दोन्ही गोष्टी दोन-तीन महिने थांबल्या तर मात्र ताटाकडे प्रामाणिकपणे पाहावे लागते. शरीर हलके झाले की त्याचा रोजचा खर्चही कमी होतो आणि जूनमध्ये पुरणारे पथ्य डिसेंबरात अपुरे पडू शकते. आपल्या भागात चोरवाट बहुधा शेंगदाण्याची असते. ३० ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांत सुमारे १७० कॅलरी असतात आणि ठेच्यावर सहज ओतलेल्या मोठ्या चमचाभर तेलात १२०. हुरड्याचे दिवस तोंडावर आहेत, म्हणून आत्ताच बोललो. तुमची कंबर अजून उतरते आहे, तेव्हा सध्या तुम्हाला हे लागू नाही. पण आपल्या लोकांसाठी बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असावी असे मानतात, म्हणजे काम बाकी आहे.

स्वतःचे विचाराल तर मी गोगाबाबा टेकडी चढताना किती वेळा थांबलो ते लिहून ठेवतो. पहिल्या दिवशी पाच वेळा थांबलो होतो. ज्या दिवशी एकदाही न थांबता वर पोचलो, त्या दिवशी माथ्यावर मिनिटभर उगाच उभा राहिलो आणि नंतर बूट नवे घेतले. जुने झिजलेलेच होते.

बीडची लेक

मला फक्त एक भर घालायची आहे. आपली बोलीच उलट्या बाजूने आहे. एखादी बाई जाड झाली की ‘तब्येत सुधारली’ म्हणतात आणि बारीक झाली की ‘तब्येत उतरली’, ‘वाळलीस गं’, ‘सासरी जेवायला देत नाहीत का’. मी अकरा किलो कमी केले तेव्हा माझ्या मावशीने आईला फोन करून ‘पोरीला काही झालंय का, दवाखान्यात दाखवा’ असे सांगितले. प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर खरोखरच दाखवावे, मावशीचे तेवढे बरोबर होते. पण तुम्ही कौतुकाची वाट गावाकडून पाहत असाल, ताई, तर ते ‘वाळलीस’ याच शब्दाने येईल, एवढी तयारी ठेवा.

औशाच्या बाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टेप स्टीलच्या पट्टीशी लावून पाहिली, सुदैवाने ती बरोबर निघाली, आणि शिवणकाम करणाऱ्या ताईंनी सांगितले तसे सकाळी मोजले तर कंबर ८९ ऐवजी ९० भरली. एक सेंटीमीटर पोट आत ओढण्याचा होता, हे कबूल करते. ‘रविवारी कळेल’ हे उत्तर मी कालपासून सुरू केले असून घरात थोडी शांतता आहे. रक्ताची तपासणी नाताळच्या सुट्टीत करून घेईन. शेंगदाण्यांच्या बाबतीत मात्र सरासरीवाले दादा, तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात डोकावून गेलात की काय, असा मला संशय आहे.

साजरे करायचे म्हणाल तर दिवस ठरला आहे. आमच्याकडे वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सगळे घर शेतात जाते. कडब्याची कोप (छोटी खोपी) उभारून पूजा होते आणि मग भज्जी (भाज्या-दाण्यांची मिसळ भाजी), बाजरीचे उंडे, बिंदगीतले (लहान घागरीतले) आंबिल असे जेवण शिवारातच होते. आमचे शेत घरापासून साडेतीन किलोमीटरांवर आहे आणि गेली आठ वर्षे मी तिथे गाडीतूनच जाते, कारण मधली चढण मला झेपत नसे. या वर्षी मी चालत जाणार आहे आणि कोपीसमोर सगळ्यांबरोबर खाली बसून जेवणार आहे. भज्जी पोटभर खाणार आहे, त्याचा हिशेब त्या आठवड्याच्या सरासरीत जे होईल ते होईल.

सासूबाईंना हा बेत सांगितला. माझे वजन किती झाले हे त्यांनी विचारले नाही. बराच वेळ माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, ‘चालतच येणार असशील, तर आंबिलाची बिंदगी तूच घेऊन ये. गाडीत सांडते.’