कमी फीची ज्यू शाळा: वाचलेला पैसा कुणाच्या खिशातून येतो?

गणिताच्या बाई (बर्गन काउंटी, न्यू जर्सी)

मी इथल्या एका ज्यू डे स्कूलमध्ये नऊ वर्षं गणित शिकवते आहे. मी ज्यू नाही, आणि आमच्याकडे इंग्रजी-गणित-विज्ञान शिकवणाऱ्यांपैकी बरेच जण नाहीत. अर्धा दिवस तोरा (ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ) आणि हिब्रू, अर्धा दिवस आमचे विषय. मुलं पावणेपाचला घरी निघतात. एका वर्गामागे शिक्षकांचे दोन संच लागतात, त्यामुळे या शाळांची फी मुळातच जड असते.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याची आई भेटीला आली होती. तिला तीन मुलं आहेत. एकेकाची फी वीस हजारांच्या घरात, म्हणजे कर भरून झाल्यावर उरलेल्या पगारातून वर्षाला साठ हजार डॉलर. शिवाय घराचा मालमत्ता कर आहेच. आमच्या काउंटीत तो दहा हजारांच्या वर सहज जातो, आणि त्यातला मोठा भाग त्यांची मुलं जात नाहीत त्या सरकारी शाळांना मिळतो. ती म्हणाली, "चौथं मूल हवं होतं. हिशेब केला आणि थांबलो." मला काय बोलावं ते सुचलं नाही.

यावर उपाय म्हणून काही वर्षांपूर्वी इथे कमी फीच्या नव्या शाळा निघाल्या. २०१२ मध्ये बर्गनफील्डला येशिवत हे-अतीद सुरू झाली, तेव्हा फी होती सुमारे नऊ हजार. आजूबाजूच्या शाळा पंधरा हजारांच्या आसपास घेत होत्या. पुढच्या वर्षी शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात, वेस्टचेस्टरमध्ये, तशीच दुसरी निघाली. पद्धत अशी: वर्गाचे गट करायचे, एक गट शिक्षकाजवळ, बाकीचे आळीपाळीने संगणकावर. त्यामुळे वर्ग मोठा ठेवता येतो आणि जोडशिक्षक, ऑफिसातली पदं कमी लागतात.

या पद्धतीला माझा विरोध नाही. संगणकावर अपूर्णांकांचा सराव छान होतो. पण शाळेचा बहुतेक खर्च पगारांचाच असतो. फी सहा हजारांनी कमी करायची तर ती शेवटी माणसांमधूनच कमी होते. नव्या शाळेला अनुभवी शिक्षक परवडत नाहीत, म्हणून ती तरुण शिक्षक घेते. त्या तरुणांना पुढे मुलं होतात, पगारवाढ लागते, आणि मग फी चढते. सुरुवातीची तूट देणगीदार भरून काढतात, पण ते कायमचे थोडेच येतात?

तल्मूद या ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, बावा बात्रा या भागात, येहोशुआ बेन गामला या मुख्य पुरोहिताची गोष्ट आहे. त्याने गावोगावी शिक्षक नेमायचा नियम केला. तिथेच पुढे संख्याही दिलेली आहे: पंचवीस मुलांना एक शिक्षक, चाळीस झाली तर मदतनीस, पन्नास झाली तर दोन शिक्षक. आणि मदतनीसाचा खर्च गावाने उचलायचा, असं तिथे स्पष्ट आहे. आईबापांनी नव्हे, गावाने. माझं म्हणणं एवढंच आहे: ज्यांना मुलं नाहीत, ज्यांची शिकून गेली, त्या सगळ्यांनी दरमहा वाटा उचलल्याशिवाय कमी फी टिकणार नाही.

हिशेबनीस (एडिसन)

बाई, तुमची तळमळ पटते, हिशेब पटत नाही. मी अशा दोन शाळांचं ऑडिटचं काम केलं आहे. पैसा पगारांइतकाच रिकाम्या बाकांवर जातो. बारा मुलांच्या वर्गाला आणि बावीस मुलांच्या वर्गाला शिक्षक तेवढेच, खोली तेवढीच, हीटिंग तेवढंच. एका काउंटीत शेजारी शेजारी चार शाळा, प्रत्येकीला मुख्याध्यापक, प्रवेशाची वेगळी व्यक्ती, निधी गोळा करणारी वेगळी व्यक्ती. नव्या कमी फीच्या शाळांनी निदान हा प्रश्न विचारला की यातलं काय लागतं आणि काय नाही. त्याला शिक्षकांचं शोषण म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आणखी एक. जुन्या शाळांत "पूर्ण फी" म्हणून जो आकडा असतो, त्यात दुसऱ्यांच्या सवलतीचा भाग धरलेला असतो. फी वाढली की काठावरची कुटुंबं सवलत मागतात, त्यांची सवलत भरायला फी पुन्हा वाढते. सवलत मागायला बँकेची स्टेटमेंटं, गाडी कुठली, सुट्टीत कुठे गेलात, सगळं एका समितीपुढे ठेवायचं. त्या समितीत शेजारी बसलेला असतो. लोकांना कमी फी हवी आहे ती यासाठीही. नऊ हजार सगळ्यांना सारखे, कुणापुढे वाकायला नको.

करातही सुटका नाही. फीतला धार्मिक शिक्षणाचा भाग देणगी समजून वजावट द्या, असा दावा कॅलिफोर्नियातल्या स्क्लार दांपत्याने केला होता. २००२ आणि २००८, दोन्ही वेळा अपील कोर्टात हरले. २०१७ च्या कायद्याने ५२९ खात्यातून, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून, शालेय फी भरता येऊ लागली, पण त्यात आधी साठवायला पैसे तर हवेत.

मिलिंद, बोका रॅटन

तुम्ही दोघंही सरकारला विसरलात. फ्लोरिडात २०२३ पासून उत्पन्न न बघता प्रत्येक मुलामागे आठ हजारांच्या आसपास शिष्यवृत्ती मिळते आणि ती धार्मिक शाळेतही चालते. माझ्या शेजारच्या कुटुंबाचा फीचा बोजा एका वर्षात जवळजवळ निम्मा झाला. २००२ चा क्लीव्हलंडचा खटला, २०२० चा मोंटानाचा, २०२२ चा मेनचा: सरकारी मदत धार्मिक शाळेत वापरायला सुप्रीम कोर्टाने दार उघडलेलं आहे. कॅनडात मॉन्ट्रियलच्या ज्यू शाळांना तर तिथलं क्वेबेक प्रांताचं सरकार कित्येक वर्षं पैसे देतं आहे. पालक कर भरतात, मग मुलामागचा पैसा मुलाबरोबर का जाऊ नये?

रविवारची शाळा (फिलाडेल्फिया)

मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. आम्ही मंडळाच्या मराठी शाळेत दर रविवारी भाड्याच्या वर्गात मुलांना शिकवतो. सगळे पालक स्वयंसेवक, फी नावापुरती. मुलं आठवडाभर सरकारी शाळेत जातात, सगळ्या जातीधर्मांच्या मुलांत वाढतात. भाषा आणि संस्कृती टिकवायला वर्षाला वीस हजार डॉलर कशाला लागतात? मुलांना वेगळं काढून शिकवणं मला बरं वाटत नाही, ते कुणाचंही असो.

नवगावची नात (अश्दोद)

रविवारच्या शाळेला उत्तर देते, कारण मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी आहे, जन्म ठाण्याचा, आणि घरात आजही मराठीच. तुमची मुलं मराठी किती बोलतात, हे तुम्हीच प्रामाणिकपणे बघा. मी टोचून बोलत नाही, माझ्या नातवंडांचं मराठीही तसंच चाललं आहे. आठवड्याला दोन तासांत ओळख राहते, वाचता येत नाही. आणि इथे प्रश्न नुसत्या भाषेचा नाही. तोरा मुळातून वाचायची, तिच्यावर वाद घालायचा, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि सणांप्रमाणे वर्ष चालवायचं, हे रोजचं काम आहे.

आमच्या लोकांनी हे मुंबईत केलं होतं. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी इस्रायलाइट स्कूल काढली. समाज तेव्हा कारकुनांचा, शिपायांचा, सुतारांचा. फी तरी कितीशी देणार? लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने हात दिला, पुढे कदूरी या ज्यू व्यापारी घराण्याची मोठी देणगी आली, आणि माझगावच्या त्या शाळेला सर एली कदूरींचं नाव लागलं. भायखळ्याला बगदादी (इराककडून आलेल्या) ज्यूंच्या गरीब मुलांसाठी जेकब ससून यांची मोफत शाळा होती. तिथे एका घराण्याने दिलं, आमच्याकडे सगळ्यांनी मिळून मागितलं आणि जमवलं. माझे आजोबा आमच्या शाळेत शिकले. हिब्रू प्रार्थना त्यांनी तिथे शिकली आणि अर्थ आम्हाला मराठीत सांगितला.

मात्र गणिताच्या बाईंनाही एक सांगायचं आहे. १९४८ नंतर आम्ही इकडे, इस्रायलला आलो. माझगावची शाळा आजही भरते, चांगली चालते, पण बाकांवर आमची मुलं जवळजवळ उरली नाहीत. निधी आहे, इमारत आहे, मुलं नाहीत. तुमच्याकडे मुलं आहेत आणि पैसा नाही. त्यातलं जे आहे ते आधी वाचवा. नऊ हजारांत वर्ग थोडा मोठा झाला तर होऊ द्या. चौथं मूल जन्मालाच आलं नाही, तर त्याच्यासाठी शिक्षक कितीही अनुभवी ठेवून काय उपयोग?

गणिताच्या बाई

आजी, हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. तुमचं शेवटचं वाक्य त्या आईलाही ऐकवलं.

मिलिंद, न्यू जर्सीत व्हाउचर, म्हणजे फ्लोरिडासारखी फीची सरकारी मदत, नाही. आम्हाला सरकारकडून पाठ्यपुस्तकं, नर्स, सुरक्षा, बस एवढ्यापुरते पैसे मिळतात. २०२५ च्या संघीय कायद्याने शिष्यवृत्ती निधीला देणगी देणाऱ्याला १,७०० डॉलरपर्यंत कर माफ होणार आहे, पण २०२७ पासून आणि राज्य सहभागी झालं तरच. त्याची वाट बघत शाळा चालत नाही. आणि सरकारी शाळेतल्या मुलांचा पैसा कमी करून आमची फी कमी व्हावी, हे मला पटत नाही. माझी स्वतःची मुलगी सरकारी शाळेत आहे.

हिशेबनीस, रिकाम्या बाकांचं तुमचं म्हणणं मान्य. शोषण हा शब्द मी वापरला नव्हता, पण एक खरं सांगते. मागच्या जूनमध्ये आमच्यातली सर्वांत चांगली विज्ञानाची शिक्षिका सरकारी शाळेत गेली. पगार वीस हजारांनी जास्त आणि पेन्शन. वर्गातली मुलं रडली. तो खर्च कुठल्या ऑडिटमध्ये दिसतो?

हिशेबनीस

दिसत नाही, मान्य. पण गावाने भरायचं म्हणता, तर ते इथे करून पाहिलेलं आहे. २००९ मध्ये उत्तर न्यू जर्सीत एनएनजेकिड्स नावाचा निधी सुरू झाला. घरटी दरमहा थोडं द्या, जमलेलं पटाप्रमाणे प्राथमिक शाळांना वाटू. कल्पना उत्तम होती. पण फी कमी व्हायला प्रत्येक मुलामागे हजारो डॉलर लागतात, आणि महिन्याच्या छोट्या देणग्यांतून तेवढे कसे जमणार?

गणिताच्या बाई

जमले नाहीत कारण मागणं ऐच्छिक होतं आणि देणारे बहुतेक तेच, आधीच फी भरणारे. साताऱ्याकडे माझी आजी रयतच्या वसतिगृहासाठी रोज मूठभर धान्य बाजूला काढायची. तिची मुलं तिथे शिकत नव्हती. सिनॅगॉगच्या (ज्यू प्रार्थनामंदिराच्या) वार्षिक वर्गणीतच शाळेचा वाटा धरा, घरात मुलं असोत वा नसोत. सवलतीची समिती शेजाऱ्यांची नको, बाहेरची नेमा. आणि चार शाळांनी विज्ञानाची एक शिक्षिका मिळून ठेवावी, पूर्ण पगारावर. हे शेवटचं तुमच्या बाजूचं आहे, हिशेबनीस. शाळांची वह्या-खाती तुम्ही पाहिली आहेत, तर याचा आकडा मांडून द्याल का? आमच्या बोर्डाची बैठक सुक्कोत या शरदातल्या ज्यू सणानंतर आहे, त्या आईने तो घेऊन जायचं कबूल केलं आहे.

हिशेबनीस

देतो. चारही शाळांचा इयत्तावार पट मिळाला तर दोन आठवड्यांत.