सल्ला हवा: मोबाईलचा सिग्नल अडवणारं पाऊच (बजेट ५०० रुपये)

फिरतीवाली
नमस्कार मंडळी. मी औषध कंपनीत फिरतीवर आहे. कागल, गडहिंग्लज, आजरा हा माझा भाग. हजेरी आणि डॉक्टरांच्या भेटी नोंदवायला कंपनीनं एक ॲप माझ्याच मोबाईलमध्ये टाकायला लावलंय. लोकेशन ‘कायम चालू’ ठेवलं नाही तर ॲप उघडतच नाही. मागच्या रविवारी मुलाला घेऊन पन्हाळ्याला गेले होते. सोमवारी मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय मॅडम, तीन दरवाजाला गर्दी होती का?" मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून डोकं फिरलंय. कामाच्या वेळेत काय बघायचं ते बघा, सुट्टीच्या दिवशी का?
फोन आत टाकला की सिग्नल बंद होतो असं पाऊच मिळतं म्हणे. ५०० च्या आत कुठलं घ्यावं? कोल्हापुरात शाहूपुरी, राजारामपुरीत मिळेल का? एक अडचण आहे. आई घरी एकटी असते, तिचा फोन मला लागायला हवा.

उद्यमनगरकर
ताई, पाऊच घेऊ नका, कापडाचं काय खरं नाही. ॲल्युमिनियमचा डबा करून घ्या. मी माझ्या शेडमध्ये केलाय. दोन एमएमचा पत्रा, कोपरे वेल्ड केलेले, झाकण बसतं तिथं आतून तांब्याच्या जाळीची पट्टी. फोन ठेवून झाकण लावलं की बाहेरून कॉल लावा किती लावायचा तेवढा, लागतच नाही. लै भारी काम झालंय. हजार-बाराशेत होईल.

गुजरीवाला
मी गाडीच्या चावीसाठी पाऊच घेतलंय, अठराशेचं, अस्सल लेदर. बटणावर चालू होणाऱ्या गाडीच्या चावीचा सिग्नल घराबाहेरून ओढून घेतात आणि गाडी उघडतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चावी पाऊचमध्ये असली की गाडीजवळ जाऊन दार ओढलं तरी उघडत नाही. स्वस्तातलं घेऊ नका, पैसे वाया जातात.

फिरतीवाली
दादा, माझी स्कूटर आहे, चावी साधी आहे. आणि बजेट ५०० लिहिलंय.

पेठेतली
मी स्वस्तातलं घेतलं होतं. सुरुवातीला मस्त चाललं. मग तोंडाची घडी जिथं पडते तिथलं आतलं चंदेरी कापड झिजून विरलं. एक दिवस मंगळवार पेठेत भाजी घेताना पाऊचमधला फोन खणखणीत वाजला. वरून बघितलं तर पाऊच नवंकोरं दिसत होतं! विकणारा म्हणाला, कापडावर गॅरंटी नसते. तेव्हापासून मी त्या वाटेलाच जात नाही. बाहेर जाताना फोन सरळ बंद करते.

गगनबावडा_एक्सप्रेस
एवढा खर्च कशाला? सुट्टीच्या दिवशी पन्हाळ्याला न जाता गगनबावड्याकडं या. करूळ घाटात नेटवर्क जातंच.

पंचगंगाकाठ
कुठल्या जमान्यात आहात? आता घाटातही मेसेज येतात. भुईबावड्याच्या बाजूला जातं म्हणा एक वेळ.

गगनबावडा_एक्सप्रेस
तुमचं सिम कुठलं? माझं तर करूळच्या दुसऱ्या वळणापासून जातं ते थेट वैभववाडीला येतं.

निवृत्त_टेलिफोनवाले
आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
पाऊच म्हणजे चाळण नव्हे, की लोकेशन अडवेल आणि आईचा फोन तेवढा सोडेल. आपल्याकडचे मोबाईलचे सिग्नल साधारण ७०० ते ३५०० मेगाहर्ट्झमध्ये चालतात, जीपीएस १५७५ वर, ब्लूटूथ आणि बरंचसं वायफाय २४०० च्या आसपास. धातूची अखंड भिंत या सगळ्यांनाच थोपवते. फॅरेडे या शास्त्रज्ञानं १८३६ मध्ये बाहेरची वीज आत न येऊ देणारा धातूचा पिंजरा करून दाखवला, तोच हा प्रकार. तेव्हा ज्या फोनवर आईचा कॉल यायचा आहे, तो पाऊचमध्ये टाकून चालणार नाही.
आता जीपीएसचं. फोन उपग्रहाला काही पाठवत नाही, फक्त ऐकतो आणि आपली जागा स्वतः काढतो. ती जागा कंपनीला पाठवतं ते ॲप, इंटरनेटवरून. म्हणून नुसता डेटा बंद केलात तर ॲप दिवसभराच्या जागा साठवून ठेवू शकतं आणि नेट आलं की सगळ्या एकदम पाठवतं. पाऊचमध्ये जीपीएसही पोचत नाही, त्यामुळे साठवायला काही उरत नाही. पाऊचचा खरा उपयोग हा. मात्र रंकाळ्यावर फोटो काढायला बाहेर काढलात, की ती जागा नोंदली गेली.
आत टाकल्यावर फोन टॉवर शोधत राहतो, ताकद वाढवतो, बॅटरी उतरते. आधी एअरप्लेन मोड लावलेला बरा.

जयसिंगपूरचा_पाहुणा
जॅमर मिळतो छोटासा, खिशात बसतो. पाऊचची कटकटच नको.

निवृत्त_टेलिफोनवाले
कृपा करून जॅमरच्या नादाला लागू नका. खाजगी माणसानं जॅमर बाळगणं, वापरणं बेकायदा आहे. दूरसंचार विभागानं २०२२ मध्ये हे पुन्हा स्पष्ट करून ऑनलाइन विक्रेत्यांनाही बजावलं होतं. जॅमर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोनही बंद पाडतो. कुणी ॲम्ब्युलन्सला फोन लावत असला तर? पाऊच फक्त स्वतःचा फोन झाकतं, दोन्हींत मोठा फरक आहे.

खाऊगल्ली
ताई, साधा बटणाचा फोन घ्या. कुणी शोधू शकत नाही.

पंचगंगाकाठ
चूक. बटणाचा असला तरी टॉवरला जोडलेला असतोच, कुठल्या टॉवरच्या हद्दीत आहे हे मोबाईल कंपनीला कळतं. पण ताईंना त्रास देणारं ॲप त्यात चालणार नाही हे खरं. बाकी घरात प्रयोग करायचा तर पोळ्या गुंडाळायची फॉइल घ्या, तीन-चार पदर, कडा नीट दुमडून. स्टीलच्या डब्यावर भरवसा ठेवू नका. मी ठेवून बघितला, झाकणाच्या फटीतून सिग्नल शिरतो, फोन आरामात वाजला.

उद्यमनगरकर
तेच तर म्हणतोय, म्हणून तांब्याची पट्टी लावलीय.

पेठेतली
फोन बंद केला की प्रश्न मिटला, हे मी पुन्हा सांगते.

आयफोनवाला_ताराबाई_पार्क
सगळ्या फोनचं तसं नाही. माझा आयफोन बंद केला तरी हरवलेला फोन शोधायच्या ‘फाइंड माय’मध्ये दिसतो. आयफोन ११ पासूनच्या बहुतेक मॉडेलना हे लागू आहे. बंद करतानाच खाली बारीक अक्षरात लिहिलेलं येतं, तिथंच ते बंदही करता येतं. ते फोन ज्याचा त्याला दिसतं, कंपनीच्या ॲपला नाही. ताई, तुम्हीही आयफोनच घ्या. ॲप लोकेशन घेत असलं की वर बाणाची खूण दिसते.

कसबा_बावडा_वकील
फोनचं सोडा, मुळावर घाव घाला. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २०१७ मध्येच सांगितलंय. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्यात नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला मालकाला बरीच मोकळीक आहे, हे मान्य. पण रविवारचा पन्हाळा नोकरीत कसा बसतो? एचआरला ईमेल करा: लोकेशन कोणत्या वेळेत घेता, किती दिवस ठेवता, कोण कोण बघतं, लेखी कळवा. मीटिंगमधला तो प्रश्न तारखेसह लिहून ठेवा.

शिरोली_एमआयडीसी
आमच्याकडंही असलं ॲप होतं. मी घरातला जुना फोन काढला, त्यात ॲप टाकलं आणि माझ्या मोबाईलमधून उडवलं. फिरतीवर हॉटस्पॉटवर चालतो. सुट्टीला कपाटात. त्यांना घर दिसतं, बास. पाऊच-बिऊच काही लागत नाही.

पेठेतली
हे सगळ्यात बरं. पैसेही नाहीत.

निवृत्त_टेलिफोनवाले
सहमत. जुना फोन असेल तर तोच मार्ग.

फिरतीवाली
सगळ्यांचे आभार. दुसऱ्या फोनचं पटलं. काच तडकलेला जुना फोन घरात होता, कंपनीचं ॲप त्यात टाकलं, माझ्या फोनमधून काढलं. आईचा प्रश्न सुटला.
पण पाऊच मी घेतलंच. शाहूपुरीत दोन दुकानं पालथी घातली, तिथं फक्त पाण्यापासून वाचवणारी प्लास्टिकची मिळाली. शेवटी ऑनलाइन ४५० ला मागवलं. तुम्ही म्हणाल घरी कपाटात ठेव. पण मी रविवारी घरी होते की नव्हते, हेही साहेबांना का कळावं? घर दाखवणं म्हणजेसुद्धा हजेरी देणंच झालं. फोन बंद केला किंवा एअरप्लेनवर टाकला, तर ॲपमध्ये तसा शेरा पडतो आणि सोमवारी खुलासा मागतात. ‘नेटवर्क नाही’ एवढंच दिसलं तर कुणी विचारत नाही, आजऱ्याच्या बाजूला आम्हा सगळ्यांचंच तसं होतं. बॅटरी उतरली तर उतरू दे. शनिवारी शेवटचा डॉक्टर झाला की फोन आत, सोमवारी पहिल्या दवाखान्याच्या दारात बाहेर.
वकीलसाहेब, ईमेलचं बरोबर आहे. पण इन्क्रिमेंटच्या तोंडावर आत्ता नाही करणार. तारीख आणि ते वाक्य मात्र डायरीत लिहून ठेवलंय.

कसबा_बावडा_वकील
माझा सल्ला अजूनही आधी ईमेल हाच. निर्णय तुमचा.

निवृत्त_टेलिफोनवाले
घेतलंच आहे तर परत करायची मुदत संपायच्या आत तपासा. फोन आत टाका, तोंड दोनदा दुमडा, मिनिटभर थांबा आणि मग कॉल लावा, लगेच लावला तर कधी कधी वाजतो. हे टॉवरच्या जवळ उभं राहून करा. त्या जुन्या फोनमध्ये सिम नसेल तर वायफायला जोडून व्हॉट्सॲप कॉल करून बघा, काही पाऊच टॉवर अडवतात पण वायफाय सोडतात. पेठेतल्या ताईंनी सांगितलं तसं घडीवरचं कापड आधी जातं, तेव्हा ही तपासणी महिन्याला एकदा तरी करत जा.

गुजरीवाला
४५० चं कुठलं घेतलंत? चावी बसेल का त्यात?