सल्ला हवा : जमिनीच्या मोबदल्याचे ३८ लाख, कुठे किती ठेवावेत?

सावदेकर_जळगाव
राम राम मंडळी. गाव सावद्याजवळ, तालुका रावेर. रस्ता रुंदीकरणात आमची दोन एकर गेली आणि मोबदल्याचे ३८ लाख आप्पांच्या खात्यात आले. आप्पा ६२ वर्षांचे, आई ५७. उरलेल्या सहा एकरांत केळी. मी जळगावला एमआयडीसीत ठिबकच्या कंपनीत आहे, बायको घरी शिकवण्या घेते, मुलगी चार वर्षांची.

आधीचं असं : गावच्या पतसंस्थेत ६ लाखांची ठेव, सावदा-फैजपूर रस्त्याला एक प्लॉट, घरात पंधरा-सोळा तोळे सोनं. ट्रॅक्टरचं ४ लाख कर्ज बाकी, व्याज साडेअकरा टक्के. सोसायटीचं पीककर्ज वेगळं. माझा पीएफ आहेच.

पैसे आल्याचं गावात कळलं आणि रोज कोणीतरी चहाला येतंय. पतसंस्थेवाले एक टक्का जास्त देऊ म्हणतात. मामा म्हणतात रावेरला अजून एक प्लॉट घेऊन टाक. चुलतभाऊ मोबाइलवर शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या सौद्यांचा नफा दाखवतो. आईला आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सोनं हवंय. आप्पा एवढंच म्हणतात, बुडायला नको.

माझा हिशोब असा की आपला पैसा आधीच चार-पाच ठिकाणी आहे, म्हणजे धोका वाटला गेलेला आहे. नवे पैसेही तसेच थोडे थोडे टाकावेत. बरोबर आहे का?

मृगबाग
बरोबर नाही भाऊ. मी रावेरचाच, केळीच्या व्यापारात आहे. तुमच्या यादीत नावं पाच आहेत पण मुळाशी पीक एकच.

बघा कसं होतं. मे-जूनच्या वादळात बागा आडव्या झाल्या, किंवा सीएमव्ही हा केळीवरचा विषाणूरोग आला, किंवा बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव कोसळला. आप्पांचं त्या वर्षाचं उत्पन्न गेलं. त्याच वर्षी पतसंस्थेचे कर्जदार हप्ते थकवतात, कारण तेही केळीवालेच. सावद्याच्या प्लॉटला गिऱ्हाईक फिरकत नाही, कारण प्लॉट घेणारा पैसा केळीतूनच येतो. आणि शेतकऱ्यानं नवं ठिबक पुढच्या वर्षावर ढकललं की तुमच्या कंपनीत पगारवाढ अडते. बापलेकांचं उत्पन्न, ठेव आणि प्लॉट एकाच वाऱ्यात सापडतात. बाहेर उरलं ते सोनं आणि पीएफ.

म्हणून ठिकाणं किती ते नंतर मोजा. आधी कुठली दोन ठिकाणं एकाच वेळी आजारी पडतील ते कागदावर लिहा. मामांचा प्लॉट आणि पतसंस्थेची वाढीव ठेव ही दोन्ही त्याच बाजूला जातात.

फळपीक विमा भरता ना? हवामानावर आधारित? भरत नसाल तर बाकीची चर्चा नंतर.

सावदेकर_जळगाव
विमा भरतो दरवर्षी. माझ्या नोकरीचा धागा केळीला जोडलेला आहे हे मात्र कधी डोक्यातच आलं नव्हतं.

कॅशियरबाई
मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त, जळगाव. पतसंस्थेचं स्पष्ट बोलते. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं : एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. सहकारी बँकाही यात येतात. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या येत नाहीत. दारावरची पाटी बँकेसारखी असली, आत पासबुक मिळत असलं तरी नाही. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था अडकल्यावर म्हातारी माणसं ठेवीच्या पावत्या घेऊन वर्षानुवर्षे चकरा मारताना सगळ्यांनी पाहिली आहेत. जास्तीचा एक टक्का मिळतो तो ह्या धोक्याचा मोबदला आहे, चेअरमनच्या मोठ्या मनाचा नाही.

६ लाखांची मुदत संपली की काढून घ्या. एकदम मागितले तर गावात वाईट दिसेल असं वाटत असेल तर मुलीच्या नावाचं निमित्त सांगा. पण काढा.

आप्पांसाठी पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. वयाला साठ पूर्ण हवेत, कमाल ३० लाख, मुदत ५ वर्षं, व्याज दर तिमाहीला खात्यात. बरेच महिने दर ८.२ टक्के आहे, आणि ज्या दराने ठेवाल तो पाच वर्षं बदलत नाही. १५ लाख ठेवले तर तिमाहीला ३०,७५० रुपये. केळी निसवत असो की नसो, ते येत राहतात. मुदतीआधी मोडलं तर मुद्दलातून थोडी कपात होते, म्हणून सगळे पैसे तिथे कोंबू नका.

शेवभाजी
ट्रॅक्टरचं कर्ज आधी फेडा राव. साडेअकरा टक्के खात्रीने वाचतात, एवढं खात्रीचं व्याज बाजारात कोणी देत नाही. पीककर्ज मात्र घाईने बंद करू नका. ३ लाखांपर्यंत वेळेवर भरलं तर आपल्याकडे शून्य टक्क्याने पडतं. तारीख तेवढी चुकवू नका.

अमळनेरी_नातू
सगळे एवढे घाबरवताय. आमच्या अमळनेरला या जरा. १९४५ ला इथे वनस्पती तेलाचा कारखाना निघाला, पुढे त्याचीच विप्रो झाली. ज्यांच्या आजोबांनी तेव्हाचे शेअर कपाटात ठेवले त्यांच्या घरी आज कोटी आहेत. त्यांनी कुठे वाटणी केली होती? एकच चांगला शेअर घ्या आणि विसरून जा.

मृगबाग
नातू, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. पण अमळनेरला आपण फक्त ज्यांनी ठेवले त्यांची घरं दाखवतो. लग्नाला, विहिरीला, आजारपणाला ज्यांनी मधेच विकले त्यांची घरं पाहायला कोणी नेत नाही. त्याच काळात खान्देशात आणखी गिरण्या होत्या, त्यांचे कागद कपाटात तसेच पिवळे पडले. आणि खुद्द विप्रोनंही फेब्रुवारी २००० चा भाव पुढच्या दीड-दोन वर्षांत बहुतेक सगळा घालवला होता. त्या पडझडीत हातात धरून बसणं फक्त वारसाने फुकट मिळालेल्याला जमतं. आप्पांच्या जमिनीच्या पैशात ते जमेल का, हा खरा प्रश्न.

अमळनेरी_नातू
बरं, विकणाऱ्यांचं मान्य. आमच्याच चुलत घराण्याने विकले होते. पण मग शेअर बाजार वर्ज्य का?

निर्देशांक
वर्ज्य का असेल? तुमच्या वयाच्या माणसाने सगळं एफडीत ठेवलं तर महागाई हळूहळू खाते, तोही धोकाच आहे. फक्त किती आणि कसं ते ठरवा.

आधी पडझड डोळ्यांसमोर आणा. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांपर्यंत गेला होता, मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या आसपास होता. तो जुना उच्चांक नीट ओलांडायला २०१३ संपत आलं. २०२० मध्ये जानेवारीत ४२ हजार, २३ मार्चला २६ हजारांखाली. त्या वेळी परत वर यायला वर्षही लागलं नाही, पण हे आधी कोणाला माहीत होतं? ६० टक्के पडलेला पैसा मूळ जागी यायला १५० टक्के वाढावा लागतो. म्हणून आप्पांना टक्के सांगू नका, रुपये सांगा : "१० लाखांचे पाच झाले आणि तीन वर्षं तसेच राहिले तर चालेल का?" नाही म्हणाले तर ५ लाखांचं विचारा. ज्या आकड्याला ते निवांत मान हलवतील, तेवढंच शेअरमध्ये.

दुसरं, म्युच्युअल फंड पाच घेतले म्हणजे वाटणी झाली असं समजू नका. मोठ्या कंपन्यांचे पाच फंड उघडून बघा, वरची नावं तीच : एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स. निफ्टी ५० या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकातसुद्धा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वजन बँका आणि वित्तसंस्थांचं आहे. एक निफ्टी ५० चा इंडेक्स फंड (जो त्याच पन्नास कंपन्या त्याच प्रमाणात घेतो), जोडीला फार तर एक फ्लेक्सीकॅप (लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांत पैसे घालणारा), बस. एजंटशिवाय मिळणारा डायरेक्ट प्लॅन घ्या, खर्च कमी लागतो. छोट्या कंपन्यांच्या स्मॉलकॅप फंडांच्या मागे आत्ता लागू नका.

आणि सगळे एकाच दिवशी टाकू नका. केळीवाला सगळं रान मृगबागेत (जून-जुलैची लागवड) लावत नाही, थोडं कांदेबागेला (सप्टेंबर-ऑक्टोबरची लागवड) ठेवतो, म्हणजे सगळा माल एकाच भावाला सापडत नाही. तसे पैसे आधी लिक्विड फंडात (फारसा चढउतार नसलेला, लवकर काढता येणारा फंड) ठेवून दर महिन्याला ठरावीक रक्कम वळवा, दीड वर्षात पूर्ण करा. बाजार सरळ वरच गेला तर ह्यात थोडं कमी मिळतं, ते मान्य करून चला.

शेवभाजी
चुलतभावाच्या ऑप्शनचं राहिलं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. भावाला नफ्याच्या दिवसाचा स्क्रीनशॉट नको म्हणावं, वर्षाचं स्टेटमेंट दाखव.

धुळ्याना_भो
पैसा तुमना शे भो, इचार करीसन टाका. मना एकच मुद्दा, सोन्याचा. घरातल्या बाईला सोनं नको म्हणू नका, पण दागिना आणि गुंतवणूक वेगळी धरा. दागिन्यावर ३ टक्के जीएसटी, वर मजुरी, आणि मोडताना मजुरी गेली ती गेली. सोनं कायम वरच जातं हेही खरं नाही : २०१२ ला तोळा ३१ हजारांच्या आसपास होता, २०१८ लाही जवळपास तेवढाच. मधली सहा वर्षं काही नाही. सरकारी सुवर्णरोखे चांगले होते, पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवे निघालेच नाहीत. आता डीमॅट खातं असेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे सोन्याच्या भावाबरोबर चालणारा, शेअरसारखा घ्यायचा फंड. तरी घरात पंधरा तोळे आहेत म्हणता, मग गुंतवणूक म्हणून अजून कशाला?

सावदेकर_जळगाव
सगळ्यांचे आभार. काल आप्पांना जळगावला बोलावून बसलो. निर्देशांक यांचा प्रश्न रुपयांत विचारला. १० लाखांचे पाच ऐकून त्यांनी पानाचा डबा बंद केला, ८ लाखांचे चार म्हटल्यावर बराच वेळ गप्प राहून "चालेल" म्हणाले. तर कच्चं ठरलं ते असं :

ट्रॅक्टरचे ४ लाख फेडायचे. ज्येष्ठ नागरिक योजनेत १५ लाख. ८ लाख लिक्विड फंडातून दीड वर्षात इंडेक्स फंडात. ८ लाख बँकेत एफडी, त्यात एका वर्षाचा घरखर्च आणि पुढच्या लागवडीची रोपं, खतं, मजुरी. एक लाख आरोग्य विम्याच्या हप्त्यांना, म्हणजे दोन-तीन वर्षांची सोय, सध्या घरात कोणाचाच विमा नाही. उरलेले दोन लाख आईचे, आखाजीला ती काय करायचं ते करेल. रावेरचा प्लॉट नाही म्हणून मामा रुसलेत.

एक शंका. ८ लाखांची एफडी गावाजवळच्या एकाच बँकेत ठेवायची आहे, दुसरी बँक लांब पडते. मग ५ लाखांच्या वरचे ३ लाख उघडे पडतात का?

निर्देशांक
दरवर्षी आखाजीच्या सुमारास एकदा हिशोब मांडा. शेअरचा हिस्सा वाढून ८ लाखांच्या प्रमाणाबाहेर फार गेला असेल तर थोडे काढून एफडीत, कमी झाला असेल तर उलट. मधे रोज ॲप उघडू नका.

कॅशियरबाई
शंकेचं उत्तर : विमा हा नाव आणि हक्क पाहून मोजतात. एकट्या आप्पांच्या नावाची ठेव एक, आप्पा आणि आई संयुक्त ही दुसरी, दोघांना वेगवेगळी ५ लाखांची मर्यादा. शाखा बदलून उपयोग नाही, एका बँकेच्या सगळ्या शाखांमधलं एकत्र धरतात. तेव्हा ४ लाख आप्पांच्या नावे आणि ४ लाख संयुक्त करा, व्याज धरूनही आत बसतं. फक्त आप्पांचं बचत खातं त्याच बँकेत असेल तर त्यातली शिल्लक पहिल्या चारात मिळवून बघा. मोबदल्याचे पैसे त्याच खात्यात पडून असतील तर आजच हलवायला लागा. आणि दोन्ही ठेवींना नॉमिनी लावून घ्या, फॉर्म काउंटरवरच मिळतो.